पेटी भरणारा थोरला : एका पात्राच्या तालमीचं प्रकरण

देवगड तालुक्यातलं खाडीकाठचं एक गाव. गावाचं हौशी नाट्यमंडळ, ४५ मिनिटांची एकांकिका, चार पात्रं, आणि जुलैच्या शेवटच्या शनिवारी तालुक्याच्या ठिकाणी स्पर्धा. हे प्रकरण कुठल्या एका मंडळाचं नाही. किनाऱ्यावरच्या हौशी तालमींत जे पुन्हा पुन्हा घडतं ते एका गावात आणि एका संहितेत आणून मांडलं आहे, म्हणून नावंही घातलेली नाहीत.

तालमीचे दिवस समुद्राने ठरवले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. थोरल्या भावाचं काम करणारा ट्रॉलरवर खलाशी आहे. १ ऑगस्टनंतर तो कोणत्या रात्री किनाऱ्यावर असेल हे तांडेलालाही (बोटीच्या प्रमुखालाही) सांगता येत नाही. एजंटचं काम करणारा पन्नाशीचा गृहस्थ दशावतारी नाटकांत काम करतो. जत्रांचा हंगाम कार्तिकात सुरू होतो, त्यामुळे पावसाळ्यात तोही मोकळा. धाकट्या भावाचं काम करणारा पिग्मी (रोजच्या बचतीचे पैसे) गोळा करतो, आईचं काम करणाऱ्या बाई अंगणवाडी सेविका आहेत, दिग्दर्शक प्राथमिक शिक्षक. त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. तालीम रात्री साडेआठ ते साडेदहा, शाळेच्या व्हरांड्यात. ठरल्या ३४ बैठका, झाल्या २७. मधल्या पाच भातलावणीने खाल्ल्या, दोन विजेने.

एकांकिकेची गोष्ट थोडक्यात अशी : मे महिन्याची अखेर. थोरला पडवीत बसून हंगामाचा शेवटचा आंबा भरतो आहे. धाकटा मुंबईहून एजंटला घेऊन येतो. सामायिक जमीन विकायची, कागद तयार आहे, थोरल्याची सही हवी. थोरला तीनदा नकार देतो आणि कारण एकदाही सांगत नाही.

आठव्या बैठकीला स्थिती अशी होती की संवाद पाठ, हालचाली पाठ, आणि थोरला पहिल्या वाक्यापासून ओरडतोय. पाचव्या पानावर ओरडला की अकराव्या पानासाठी काही उरतच नाही, मग तिथे तो टेबलावर मूठ आपटायचा. टेबल नेपथ्यात नव्हतंच, शाळेचं होतं.

आवाज कुठून चढला

गुरुजींचं पहिलं निदान होतं की नट कच्चा आहे. हे निदान फार सोयीचं असतं, कारण त्यावर उपाय करावा लागत नाही. मोबाइलवर चार बैठकांचं ध्वनिमुद्रण होतं, ते ओळीने ऐकल्यावर तीन कारणं वेगळी झाली.

पहिलं कारण पत्रा. शाळेच्या व्हरांड्यावर सिमेंटचा पत्रा आहे आणि जूनच्या पावसात त्याखाली शेजारच्याशी बोलायलाही आवाज चढवावा लागतो. आठ बैठका नट पावसाशी भांडत होता. तो चढा सूर घशात बसला, आणि पाऊस नसलेल्या रात्रीही तोच निघू लागला.

दुसरं कारण गुरुजी स्वतः. ते वाक्य म्हणून दाखवत आणि नट तसंच म्हणायचा. 'नाही म्हणजे नाही' हे वाक्य चारही मुद्रणांत तेवढ्याच लांबीचं आणि त्याच हेलाचं होतं. एका रात्री धाकट्याचा घसा बसला होता, तो कुजबुजत बोलला, तरी उत्तर त्याच पट्टीत आलं. उसन्या चालीचं असंच होतं. समोरच्याने काय केलं याच्याशी तिचा संबंध नसतो, आणि प्रयोगात समोरचा जरा बदलला की ती उघडी पडते.

तिसरं कारण एकाच शब्दात होतं. पहिल्या वाचनाला गुरुजींनी थोरल्याची ओळख 'तापट' अशी करून दिली. विशेषण मिळालं की नट ते दाखवू लागतो. माणसाला काय हवंय हे शोधायची गरजच संपते.

उरलेल्या १९ बैठकांसाठी दोन नियम ठरले. गुरुजींनी वाक्य म्हणून दाखवायचं नाही. आणि पात्रावरची बैठक पत्र्याखाली न घेता आईचं काम करणाऱ्या बाईंच्या कौलारू घरात, माजघरात घ्यायची, जिथे चार माणसं दोन-दोन हातांवर बसतात आणि ओरडायला लाज वाटते.

तीन रकाने

प्रत्येकाने वहीत आपल्या पात्रासाठी तीन रकाने आखले : संहितेत पक्की आलेली माहिती, इतर लोक याच्याबद्दल काय म्हणतात, आणि हा स्वतःबद्दल काय म्हणतो. प्रत्येक नोंदीपुढे पान क्रमांक सक्तीचा. पान नसेल तर नोंद नाही. विशेषणं बंद. रशियन नाट्यदिग्दर्शक कॉन्स्टँटिन स्तानिस्लावस्की (१८६३–१९३८) ज्याला दिलेली परिस्थिती म्हणत, तिची ही साधी कारकुनी आहे. ती रटाळ असते, आणि म्हणूनच हौशी मंडळं ती गाळतात. इथे तिला दोन संध्याकाळी लागल्या.

थोरल्याच्या पहिल्या रकान्यात २३ नोंदी आल्या. बाप जाऊन सहा वर्षं, पान २. आंब्याची कलमं ४२, पान ३. तिसऱ्या रकान्यात जेमतेम चार. म्हणजे हा माणूस स्वतःबद्दल जवळजवळ बोलतच नाही. 'तापट' हा शब्द संहितेत एकदाच सापडला, नवव्या पानावर, तोही धाकट्याच्या तोंडी. धाकट्याला सही हवी आहे. त्याची साक्ष पक्षपाती धरायला हवी होती. गुरुजींनी ती ओळखपत्र म्हणून वापरली.

खरा शोध चौथ्या आणि अकराव्या पानांवर लागला. चौथ्या पानावर आई जाता जाता म्हणते, 'ताईची पेटी वेगळी ठेव.' अकराव्या पानावर एजंट विचारतो, 'बहिणीचं हक्कसोड झालंय ना? मग अडचण कसली?' त्यावर थोरल्याला वाक्य नाही. कंसात सूचना आहे : थोरला पेटीला खिळा मारतो.

आठ बैठका ही सूचना गाळली गेली होती, कारण तालमीला पेटी नव्हती आणि हातोडी कोणी आणत नव्हतं. खिळ्याच्या जागी थोरला थेट पुढच्या वाक्यावर उडी मारायचा आणि ओरडायचा.

हक्कसोड म्हणजे काय हे कोकणात कुणाला समजावावं लागत नाही, तरी नटाला ते नेमकं माहीत असावं लागतं. बाप मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलगे आणि मुली सारखेच वारस. अखंड सामायिक जमीन विकायची तर सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या हव्यात. बहिणीने आपला हिस्सा भावांच्या नावे सोडल्याचा नोंदणीकृत दस्त म्हणजे हक्कसोडपत्र. या घरात ते झालेलं आहे. बहिणीची सही कुणी घेतली? घरात राहणारा थोरलाच असणार. बदल्यात काय मिळालं? दरवर्षी एक पेटी आंबा.

मग तो रंगमंचावर भरतो आहे ती पेटी कुणाची?

असं नव्याने सापडलेलं सूत्र लगेच डोक्यावर घ्यायचं नसतं. त्याला दोन चाचण्या लावल्या. संहितेतलं एखादं वाक्य त्याच्या विरोधात जातं का? गेलं नाही. आणि त्याने नटाला करायला काही मिळतं, की फक्त वाटून घ्यायला? इथे करायला मिळत होतं, ६० फळं आणि चार खिळे. सूत्र ठेवलं.

तुकडे आणि क्रियापदं

संहितेचे १९ तुकडे पाडले. समोरच्याकडून हवी असलेली गोष्ट बदलली की नवा तुकडा. प्रत्येक तुकड्याला एक क्रियापद, आणि ते दुसऱ्यावर चालणारं असलं पाहिजे. 'रागावणं', 'दुःखी असणं' चालत नाही, कारण ते एकट्यानेही करता येतं. कसोटी सोपी आहे : मला यश आलं की नाही हे समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसेल का?

तीन नकारांची क्रियापदं अशी निघाली. पाचव्या पानावर 'सही आज नको', इथे धाकट्याला पाहुणा करून टाकणं. पाणी दिलं, चहा सांगितला, पाहुण्याशी कोणी जमिनीचं बोलत नाही. आठव्या पानावर 'सही मी करणार नाही', इथे धाकट्याला कारण विचारायला भाग पाडणं. तो विचारत नाही, पैशांचं बोलतो. अकराव्या पानावर 'नाही म्हणजे नाही', इथे एजंटला गप्प करणं, कारण आई माजघराच्या दारात येऊन उभी आहे आणि हक्कसोडाचा शब्द तिच्या कानावर जायला नको.

एवढं लिहिल्यावर तिसऱ्या नकाराचा आवाज आपोआप ठरला. तो सगळ्यांत खालचा. ओरडला तर आई पुढे येणार. आठ बैठका जिथे मूठ आपटली जात होती तिथे खरं तर कुजबूज होती.

गुरुजींनी पहिल्या रात्री नटाला प्रत्येक तुकड्याला तीन-तीन क्रियापदं दिली होती. खलाशी गोंधळला आणि काहीच करेना. एका वेळी एकच द्यायचं. ते चाललं नाही तर दुसऱ्या रात्री बदलायचं.

शब्दांआधी हात

खलाशी जाळं विणण्यात वाकबगार. पहिला मोह असा झाला की पडवीत त्याच्या हाती जाळंच द्यावं. तो सराव एक रात्र केला आणि सोडला, कारण जाळं ओढून, गाठ आवळून काम होतं. आंब्याला असं धरलं तर तो जातो. पात्राचे हात वेगळे होते.

म्हणून कलमवाल्याकडे अर्धा दिवस. आंबा देठासकट हाताळायचा. देठ तुटला की चीक सालीवर उतरतो आणि काळा डाग पडतो. फळ बोटांच्या टोकांनी धरायचं नाही, तळव्यावर घ्यायचं. दाबून पाहायचं नाही. पेटीत तळाला भाताचा पेंढा, मग फळांचा थर, मध्ये पेंढा, पुन्हा थर, वर पेंढा, मग फळ्या आणि खिळे. खिळा मारताना पेटी हलता कामा नये, म्हणून ती गुडघ्याने अडवून धरायची. साधारण २५० ग्रॅमचं फळ धरलं तर पाच डझनांची पेटी पंधरा किलोंची भरते.

तालमीला आंबा कुठून आणणार. जूनच्या मध्यावर हंगाम आटोपलेला. आधी चार किलो बटाटे आणले. दहा दिवसांत पावसाळी हवेने ते सडले आणि माजघरात वास सुटला. कागदाचे गोळे हलके, त्यांना हात खोटा लागतो आणि तो खोटेपणा शेवटच्या रांगेतूनही कळतो. शेवटी वाळू भरून शिवलेले कापडी गोळे केले, प्रत्येकी पाव किलो. सगळे ६० केले नाहीत. तळाला फळी आणि पेंढा टाकून वर २४ गोळ्यांची जागा ठेवली. पेटी सहा किलोंची झाली, उचलताना पुरेशी जड दिसते.

मग मूक प्रवेश. सात मिनिटं, एकही शब्द नाही. थोरल्याने २४ गोळे भरून संपवायचे. धाकट्याने हातातला कागद थोरल्यासमोर अशा जागी ठेवायचा की त्याला तो टाळता येणार नाही. एवढंच. पाऊस जोराचा असेल त्या रात्रीही हा सराव चालतो, आवाजाची अडचणच नाही. पत्र्याखाली करायचं काम शेवटी हेच ठरलं.

पहिल्या दोन फेऱ्यांत दोघांनी मूकनाट्य केलं, म्हणजे भुवया उडवल्या आणि हातवारे केले. गुरुजींनी सांगितलं की बोलता येत नसल्याचं दाखवू नका, बोलायचं नाहीये इतकंच. तिसऱ्या फेरीत धाकट्याने कागद थेट पेटीवर, पेंढ्यावर ठेवला. वारा आला, कागद हलला. थोरल्याने न पाहता हातातला आंबा कागदाच्या कोपऱ्यावर ठेवला. कागद उडू नये म्हणून. सही करायची नाही, पण भावाचा कागद चिखलात जाऊ द्यायचा नाही. हे दोन्ही त्या एका हालचालीत आलं. ती प्रयोगात ठेवली. कोणी सांगून ती सुचली नसती.

भरताच्या नाट्यशास्त्रातल्या चार अभिनयांतला सात्त्विक, म्हणजे आतल्या भावाचा, मागून मिळत नाही, तो आंगिकाच्या, म्हणजे शरीराच्या, वाटेने आला तर येतो. स्तानिस्लावस्कीही अखेरच्या वर्षांत भावना खणून काढण्यापेक्षा शारीरिक कृतींच्या साखळीवर अधिक भर देऊ लागले होते.

या पद्धतीचा धोकाही सांगायला हवा. हातात काम आलं की नट कामात लपतो. खलाशी चार बैठका पेटीतच बघत राहिला, धाकटा त्याच्या टाळूशी बोलत होता. पेंढ्याची खसखस वाक्यांवर चढायची. उपाय म्हणून पाच थांबे ठरवले, जिथे हातातलं फळ हातातच राहतं आणि नजर वर येते. बाकी वेळ फळ समोरच्याच्या वाक्यावर उचलायचं आणि आपलं वाक्य संपल्यावर ठेवायचं.

मालवणीत तीन फेऱ्या

संहिता प्रमाण मराठीत होती. चौघांचंही रोजचं बोलणं मालवणी. पाठ केलेल्या प्रमाण वाक्यांत नटांचं अर्धं लक्ष उच्चारावर अडकतं, म्हणून प्रत्येक प्रवेश आधी तीन वेळा मालवणीत, स्वतःच्या शब्दांत खेळायचा, क्रियापदं तीच ठेवून. मग लगेच, मध्ये गप्पा न मारता, संहितेचे शब्द घेऊन एकदा.

'सही आज नको' हे वाक्य मालवणीत आलं ते असं : 'आत्ता नको रे. ह्यो खोको आज एष्टीत चढाक व्हयो.' (ही पेटी आज एसटीत चढायला हवी.) म्हणजे नकारही नव्हता, घाई होती. आईने मध्येच विचारलं, 'झिला, तायची पेटी भरलंस?' आणि थोरला 'आये, कित्याक इचारतंस?' (का विचारतेस?) म्हणाला तेव्हा त्याच्या आवाजात पहिल्यांदा भीती आली. संहितेकडे परतल्यावर ती टिकली, वाक्य वेगळं असूनही.

या टप्प्याला दशावतारी नट घरचाच जाणकार निघाला. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. आख्यान ठरतं, कोण कधी येणार-जाणार ठरतं, आणि बोलणं जागेवर उभं राहतं. समोरच्याच्या वाक्याचा शेवटचा शब्द पकडून त्यावर चढायचं कसं, हे त्याला शिकवावं लागलं नाही. उलट त्याला आवरावं लागलं. एजंटचा तीन मिनिटांचा प्रवेश त्याने नऊ मिनिटं चालवला, मध्ये एक श्लोकही घातला. जत्रेत रात्र काढायची असते तिथे हे कसब आहे. एकांकिकेत धाकटा उभ्या उभ्या कोरडा पडला. मग नियम आला की एका पाळीत एकच नवी गोष्ट सांगायची आणि थांबायचं. हा नियम त्याला जड गेला, पण एजंटचं पात्र त्यातूनच निघालं. तो थांबायचा आणि हसत समोरच्याकडे बघत राहायचा. जमिनीचे दलाल नेमकं हेच करतात.

मालवणीतून संहितेत परतताना आणखी एक गळती होते. नट आपल्या शब्दांतला 'रे', 'गो', 'मगे' संहितेत पेरत जातात. लेखकाची लय मोडते, वेळ वाढतो. वाक्यांची आठवण करून देणाऱ्या प्रॉम्प्टरने चौथ्या, म्हणजे संहितेच्या, फेरीला प्रत्येक जादा शब्दावर पेन्सिल आपटायची. त्रासदायक आहे, पण दोन रात्रींत भरती संपते.

प्रश्नखुर्ची

नटाला पात्र म्हणून खुर्चीत बसवून बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, हा सराव सगळीकडे लोकप्रिय आहे आणि बहुतेक ठिकाणी वाया जातो. इथेही पहिली खेप वायाच गेली. 'बाबा गेले तेव्हा तुला काय वाटलं?' असं कोणीतरी विचारलं. खलाशाने बापाच्या मरणाची लांब, करुण गोष्ट रचली, सगळे हळवे झाले, आणि दुसऱ्या दिवशी थोरला पहिल्या पानापासून रडवेला. संहितेत त्या मरणाबद्दल एकच ओळ आहे.

दुसरी खेप १२ मिनिटांची. 'काय वाटतं' विचारायचं नाही. कधी, कुठे, किती, कोणी, एवढेच प्रश्न. 'आठवत नाही' हे उत्तर चालेल. एकाने उत्तरं लिहून घ्यायची, आणि ज्या उत्तराचा संहितेतल्या एखाद्या वाक्याला हात लागत नाही ते सत्रानंतर खोडायचं. २० उत्तरांतली १३ खोडली. उरलेल्यांत एक हिऱ्यासारखं होतं. 'ताईला गेल्या वर्षी पेटी कधी पोचली?' थोरला जरा थांबला आणि म्हणाला, 'गेल्या वर्षी नाय पाठवलंय.'

आईचा गुडघा

अडतीस वर्षांच्या बाईंनी सत्तरीची आई करायची तर पहिल्या दिवशी कंबर वाकते आणि आवाज थरथरतो. नुसतं म्हातारपण खेळता येत नाही. एक नेमकी अडचण खेळता येते. डाव्या गुडघ्याला मागून दुमडलेला पंचा बांधला, जेणेकरून तो पुरा वाकणार नाही. मग जमिनीवरून उठायला चार टप्पे लागतात : हात टेकणं, उजवा पाय घेणं, भिंत, मग कंबर. असा माणूस खेपा वाचवतो. तांब्या घेऊन उठतानाच भांडंही घेतो. तिसऱ्या रात्री पंचा सोडला, चाल राहिली. बांधून १५ मिनिटांच्या वर ठेवायचा नाही. पहिल्या रात्री ४० मिनिटं ठेवला तर पायाला मुंग्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी बाई अंगणवाडीत खरोखर लंगडत होत्या.

एजंटसाठी घराच्या पायऱ्यांचा खेळ केला. पत्त्यांतले दुरी ते दहा घ्यायचे, प्रत्येकाने एक उचलायचा, कुणाला दाखवायचा नाही. पान म्हणजे या घरात आपला अधिकार किती. खळ्यात (अंगणात) उभं राहायचं, पायरीवर, पडवीच्या कडेला, की झोपाळ्यावर, हे पानाप्रमाणे. मग समोरच्यांनी पान ओळखायचं. तिरी मिळालेला एजंट खळ्यातच चपला घालून घुटमळला, नव्वा मिळाल्यावर विचारल्यावाचून झोपाळ्यावर बसला. संहितेसाठी मधली वाट निघाली : सुरुवात तिरीने, आणि 'हक्कसोड' या शब्दावर चपलेसकट पडवीत पाय. थोरल्याला खिळा मारायला तेवढं कारण पुरलं.

आवाज परत मोठा करताना

शेवटच्या चार बैठका सभागृहाच्या मापाने घेतल्या. माजघरात सापडलेलं पात्र मोठ्या जागेत नेताना हमखास सांडतं. नट पुन्हा जुन्या चढ्या सुराकडे जातो. १२ मीटरवर एक माणूस उभा केला. शब्दाचा शेवट ऐकू आला नाही की त्याने हात वर करायचा. आवाज कमी पडतोय असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा शेवटचं अक्षर गिळलेलं असतं. 'नाही म्हणजे नाही' मधला शेवटचा 'ही' पुरा उच्चारला तर वाक्य खालच्या आवाजातही पोचतं. रंगीत तालमीला ते पोचलं.

प्रयोगाच्या दिवशी सभागृहाच्या छपरावर पाऊस होता. खलाशाचं पहिलं वाक्य ऐकू आलं-न आलंसं झालं, आणि आवाज चढला. पहिली आठेक मिनिटं तो जुना थोरला होता. नेपथ्यवाल्यांनी पेटी उलट्या अंगाने ठेवली होती, त्यामुळे पेंढा हाती लागायलाही वेळ गेला. पेटी फिरवून घेतली, पहिलं फळ तळव्यावर आलं, आणि सूर खाली उतरला. तिसरा नकार जिथे व्हायचा तिथे झाला. एजंटने मात्र आपल्या प्रवेशात दीड मिनिट वाढवलं. पडदा ४५ व्या मिनिटाला काही सेकंद असताना पडला आणि शेवटचा थांबा कापावा लागला.

गणपतीत गावात पुन्हा प्रयोग ठरला तेव्हा खलाशी बोटीवर होता. बदली नट कलमांवर काम करणारा, हातात पाच संध्याकाळी. त्याला ध्वनिमुद्रण ऐकवलं नाही. तीन रकान्यांची वही, १९ क्रियापदं आणि गोळ्यांची पिशवी दिली. संवाद तिसऱ्या दिवशी बसले. अडचण वेगळीच आली. त्याचे हात इतके सवयीचे की फळाकडे न बघता अकराव्या तुकड्यालाच पेटी भरून मोकळी, आणि खिळा मारायची जागा सात तुकडे पुढे. हळू भर म्हटलं की हात अवघडायचे आणि खोटे दिसायचे. शेवटी तळाची फळी खाली घेतली आणि दीड डझन गोळे आणखी शिवले.